आधी दिवाळखोरीचा अर्ज की आधी लग्न?

प्रिय ताई,

मी न्यू जर्सीत राहते. एका क्लिनिकमध्ये नोकरी करते, वर्षाला ५२,००० डॉलर मिळतात. तीन वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं. विमा अपुरा पडला आणि पुढचे कित्येक महिने घर क्रेडिट कार्डावर चाललं. आज कार्डांचे २९,००० आणि हॉस्पिटलचे १७,००० असे ४६,००० डॉलर डोक्यावर आहेत. शिवाय १८,००० चं शैक्षणिक कर्ज आहे, त्यावर भावाची को-साइनर म्हणून सही आहे. वकील चॅप्टर ७ कर म्हणतात, म्हणजे कर्जं माफ करून घेण्याचा दिवाळखोरीचा अर्ज.

फेब्रुवारीत माझं लग्न आहे, भारतात. तो कॅलिफोर्नियात असतो, पगार १,६५,०००, कर्ज काही नाही. मला त्याच्या विम्यात जाता यावं म्हणून नोव्हेंबरमध्ये आम्ही इथेच कोर्टात लग्न लावून घेणार आहोत. फेब्रुवारीनंतर मी तिकडे राहायला जाईन. माझ्यावर 'थोडं कर्ज' आहे एवढंच त्याला ठाऊक आहे, आकडा सांगितलेला नाही. एप्रिलपासून माझ्या गाडीचा ४०० डॉलरचा हप्ता मात्र तोच भरतो.

मावशी म्हणते, लग्न होऊ दे, मग दोघं मिळून अर्ज करा. मैत्रीण म्हणते, आधीच करून मोकळी हो. मी ठरवलंय ते असं: आधी मामांचे पैसे फेडायचे (८,००० घेतले होते, ३,००० गेल्या महिन्यात दिले), आजीने मला दिलेल्या पाटल्या बहिणीच्या नावावर करायच्या (त्या भारतात आईच्या लॉकरमध्ये आहेत, साधारण ९,००० डॉलरच्या), लग्नाची खरेदी कार्डावर उरकायची आणि मग अर्ज टाकायचा. त्याला माझ्या कर्जाची झळ लागू नये, एवढंच मला हवंय. त्याला सांगायलाच हवं का?

– नाव नको

*

अगं,

आधी उत्तर देते, मग कारणं. तुझी मैत्रीण बरोबर आहे. अर्ज लग्नाच्या आधी कर, आणि इथे लग्न म्हणजे नोव्हेंबरमधलं कोर्टातलं, फेब्रुवारीतलं नाही. दुसरं, अर्जाआधी जी तीन कामं उरकायचं तू ठरवलं आहेस, त्यातलं एकही करू नकोस. तिसरं, हो, त्याला सांगायला हवं, आणि तेही अर्ज टाकण्याच्या आधी.

दिवाळखोरीचा कायदा तुझ्या परिस्थितीचा एकच फोटो काढतो, अर्ज दाखल होण्याच्या दिवशी. त्या दिवशी तू अविवाहित असलीस तर फोटोत तू एकटी. विवाहित असलीस तर शेजारी नवराही उभा, मग अर्ज तू एकटीने का केलेला असेना. बाकीचं जवळजवळ सगळं यातूनच निघतं.

चॅप्टर ७ साठी जी मीन्स टेस्ट, म्हणजे उत्पन्न पाहून पात्रता ठरवणारी चाचणी, द्यावी लागते, ती २००५ च्या दुरुस्तीने आली. अर्जाच्या महिन्याआधीच्या सहा पूर्ण महिन्यांचं सरासरी उत्पन्न काढतात, त्याचं वर्षाचं करतात आणि तुझ्या राज्यात तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाचं जे मध्यम उत्पन्न (मीडियन, म्हणजे निम्म्यांचं त्याहून कमी, निम्म्यांचं जास्त) असेल त्याच्याशी ताडून पाहतात. ऑगस्टमध्ये अर्ज केलास तर फेब्रुवारी ते जुलै हे महिने धरले जातील. तुझे ५२,००० न्यू जर्सीतल्या एकट्या माणसाच्या मध्यम उत्पन्नाच्या बरेच खाली आहेत. तिथेच ती चाचणी संपते. पुढचा खर्चाचा लांबलचक फॉर्म भरायचीही गरज नाही.

आता हाच अर्ज डिसेंबरमध्ये केलास असं धर. तू विवाहित, त्यामुळे त्याचा पगारही तक्त्यात चढवावा लागेल. दोघांचे मिळून २,१७,०००. दोन माणसांच्या कुटुंबासाठी ही रक्कम न्यू जर्सीतही मर्यादेच्या वर जाते आणि कॅलिफोर्नियातही. त्याने दार कायमचं बंद होतं असं नाही. नवऱ्याच्या पगारातला जो भाग तुमच्या दोघांच्या घरखर्चात येतच नाही, म्हणजे त्याचं स्वतःचं वेगळं भाडं, त्याचा कर, तो आईवडिलांना पाठवत असलेले पैसे, तो भाग वजा करून मागता येतो. पण त्याचा प्रत्येक आकडा कागदानिशी सिद्ध करत बसावं लागतं. जमलं नाही तर उरतं चॅप्टर १३, म्हणजे तीन वर्षं, आणि उत्पन्न मध्यम आकड्याच्या वर असेल तर पाच वर्षं दरमहा हप्ते. लग्नाची पहिली पाच वर्षं ट्रस्टीला, म्हणजे दिवाळखोरीचं प्रकरण सांभाळायला नेमलेल्या माणसाला, हिशेब देण्यात घालवायची का, हे तूच ठरव.

'पण आम्ही तर फेब्रुवारीपर्यंत दोन राज्यांत राहणार' असं म्हणशील. वेगळं राहणाऱ्या नवरा-बायकोसाठी फॉर्मवर एक चौकोन आहे खरा, पण नोकरीमुळे तात्पुरतं दूर असलेल्या नवविवाहितांना तो लागू होतो का, यावर वाद घालता येतो. वादाच्या जागेवर घर बांधू नकोस.

भारतातल्या लग्नाबद्दलही एक सांगून ठेवते, कारण ही गफलत बरेच जण करतात. तिथे सप्तपदी झाली आणि नोंदणी राहून गेली, म्हणून तू अविवाहित ठरत नाहीस. जिथे लग्न लागलं तिथे ते वैध असेल तर साधारणपणे अमेरिकेतही ते वैध धरतात. 'कागद अजून व्हायचाय' असं मनाशी म्हणत फॉर्मवर 'अविवाहित' लिहिलंस तर ते शपथेवर केलेलं खोटं विधान होईल. साखरपुड्याला मात्र या हिशेबात काही किंमत नाही. होणारा नवरा कितीही कमावत असो, त्याचा पगार तुझा धरत नाहीत.

त्याने भरलेला हप्ता मात्र धरतात. कोणीही, मग तो भाऊ असो, मित्र असो की होणारा नवरा, तुझ्या खर्चाला नियमित हातभार लावत असेल तर ती रक्कम तुझ्या उत्पन्नात येते. महिन्याला ४०० म्हणजे वर्षाचे ४,८००. ते मिळवूनही तू मर्यादेच्या आतच आहेस, तेव्हा घाबरण्यासारखं काही नाही. फक्त ते लिहायला विसरू नकोस. त्याच कागदपत्रांत आणखी एक प्रश्न येतो: येत्या वर्षभरात उत्पन्नात वाढ किंवा घट अपेक्षित आहे का? लग्न ठरलेलं असताना तिथे 'नाही' लिहू नकोस. ठरलेलं लग्न आणि नोकरी बदलण्याची शक्यता दोन्ही वकिलाला सांग आणि काय लिहायचं ते त्यांच्याकडून ठरवून घे. लग्नाआधी अर्ज करणं ही पळवाट नाही, तो तुझा हक्क आहे. पळवाट सुरू होते ती लपवण्यापासून.

आता तुझ्या तीन कामांकडे वळते. खरं तर तुझं पत्र वाचताना माझ्या पोटात गोळा आला तो इथे, लग्नाच्या तारखेवर नाही.

पाटल्या आधी. तू विचार केलास, भारतात लॉकरमध्ये आहेत, कोणाला कळणार? कायदा म्हणतो, तुझी मालमत्ता जगात कुठेही असो आणि कोणाच्याही ताब्यात असो, ती अर्जात दाखवायची. आजीने तुला दिल्या म्हणजे त्या तुझ्या. अर्जाच्या आधी बहिणीला दिल्यास तर तेही लिहावं लागतं, कारण मागच्या दोन वर्षांतल्या भेटी आणि हस्तांतरणं फॉर्मवर विचारतात. मग ट्रस्टी त्या परत मागू शकतो. वर्षभराच्या आत, धनकोंना चकवायला वस्तू दुसऱ्याला दिली असं दिसलं तर कर्जमाफीच नाकारली जाऊ शकते. सगळी, एका कार्डाची नाही.

आणि यातली चेष्टा अशी की त्या पाटल्या तुझ्याकडेच राहू शकतात! न्यू जर्सीत राहणाऱ्यांना केंद्रीय सवलतींची, म्हणजे ट्रस्टीला हात लावता येत नाही अशा मालमत्तेची, यादी निवडता येते. १ एप्रिल २०२५ पासूनच्या आकड्यांनुसार दागिन्यांसाठी २,१२५ डॉलर, गाडीतल्या तुझ्या हिश्शासाठी ५,०२५ आणि कशावरही वापरता येतील असे १,६७५ डॉलर संरक्षित आहेत. शिवाय स्वतःचं घर नसेल तर घराच्या सवलतीतले न वापरलेले १५,८०० डॉलरपर्यंत या शेवटच्या रकमेत मिळवता येतात. तू भाड्याने राहतेस असं मी धरते. म्हणजे दागिन्यांचे २,१२५ आणि बाकीचे १७,४७५ मिळून ९,००० च्या पाटल्या आरामात झाकल्या जातात, वर बँकेतल्या पैशांसाठीही जागा उरते. अर्जात लिहिलेल्या पाटल्या वाचतात. स्वखुशीने बहिणीला दिलेल्या आणि ट्रस्टीने परत आणलेल्या पाटल्यांवर मात्र ही सवलत मागता येत नाही. एवढंच कर, सोनाराकडून किमतीचा कागद घे. सोन्याचा भाव आजचा धर, आजीच्या काळातला नाही.

लग्नात अंगावर पडणारे दागिने आणि आहेर हा वेगळा विषय. चॅप्टर ७ मध्ये, अर्जानंतर मिळालेल्या भेटी सहसा ट्रस्टीच्या हिशेबात येत नाहीत, म्हणून फेब्रुवारीतलं मंगळसूत्र अर्जानंतर आलेलं बरं. वारसा मात्र अपवाद आहे. अर्जानंतर १८० दिवसांच्या आत कोणाच्या मृत्यूमुळे तुला काही मिळालं, तर ते कळवावं लागतं. भारतात वडिलोपार्जित घरात तुझा हिस्सा असेल तर तोही आत्ताच सांग. 'तो तर नावालाच आहे' असं घरचे म्हणतील. वकिलांना ठरवू दे.

मग मामा. आपल्याकडे घरच्याचं देणं आधी फेडणं हा सभ्यपणा समजतात, इथल्या कायद्याला तो पक्षपात वाटतो. अर्जाच्या आधी वर्षभरात नातेवाइकांचं जुनं कर्ज फेडलेलं असेल, तर ट्रस्टी ती रक्कम त्या नातेवाइकाकडून परत मागू शकतो आणि सगळ्या धनकोंत वाटू शकतो. मामा या व्याख्येत बसतात. इतर धनकोंसाठी ही मुदत ९० दिवसांची, नातेवाइकांसाठी एक वर्षाची. म्हणून उरलेले ५,००० आत्ता देऊ नकोस. मामांचं नाव धनकोंच्या यादीत लिही. कर्जमाफी झाल्यावर तुला स्वखुशीने त्यांचे पैसे द्यायचे असतील तर कायदा अडवत नाही. गेल्या महिन्यात दिलेल्या ३,००० चं काय? ते गेलेच आहेत, तेव्हा वकिलाला पहिल्याच भेटीत सांग. वर्ष उलटेपर्यंत थांबायचं म्हटलं तर मधे लग्न येतं आणि सगळा डाव उलटतो. मला विचारशील तर मी थांबणार नाही. मामांना पत्र येऊ शकतं, हे त्यांना तुझ्याकडूनच कळू दे.

लग्नाची खरेदी कार्डावर. 'नाहीतरी माफच होणार' हा हिशेब मनातून काढून टाक. अर्जाच्या आधी ९० दिवसांत एकाच कार्ड कंपनीकडून ९०० डॉलरच्या वर चैनीची खरेदी किंवा ७० दिवसांत १,२५० च्या वर रोख उचल केली, तर ती फसवणूक आहे असंच गृहीत धरतात आणि ते देणं माफ होत नाही. ९१व्या दिवशी केलेली खरेदी सुरक्षित, असंही नाही. फेडायचं नाही हे ठरवूनच घेतलं, एवढं कंपनीने दाखवलं की पुरे. कार्ड आजपासून बंद. लग्न रोखीतून जेवढं होईल तेवढं करा.

मावशीचा सल्ला मी एका वाक्यात निकालात काढते. संयुक्त अर्ज फक्त नवरा-बायकोलाच करता येतो, त्यात एकाच शुल्कात काम होतं आणि सवलती दुप्पट मिळतात हे सगळं खरं, पण तो फायदा दोघांवर कर्ज असेल तेव्हाचा. त्याच्यावर काहीच देणं नसताना त्याच्या क्रेडिट रिपोर्टवर दहा वर्षं दिवाळखोरी लिहून घेण्यात शहाणपण काय?

झळ लागण्याबद्दल तू विचारलंस. लग्नाने तुझं जुनं कर्ज त्याच्या नावावर चढत नाही. दोघांचे क्रेडिट रिपोर्ट वेगळेच राहतात. पण कॅलिफोर्निया सामायिक मालमत्तेचं राज्य आहे. टेक्सस, वॉशिंग्टन, ॲरिझोना वगैरे धरून अशी नऊ राज्यं आहेत. तिथे लग्नानंतर दोघं जे कमावतात ते दोघांचं मानलं जातं आणि तुझ्या लग्नाआधीच्या कर्जापोटी धनको त्यावर हात टाकू शकतात. लग्नानंतरचा त्याचा पगार वाचवायचा तर तो अशा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, ज्यातून तुला पैसे काढता येत नाहीत आणि ज्यात दुसरे पैसे मिसळलेले नाहीत. नव्या संसारात असं खातं किती दिवस टिकतं? शिवाय तिथे लग्नानंतर तू एकटीने अर्ज केलास तरी लग्नानंतरची सामायिक मालमत्ता, त्याच्या पगारातून साठलेली शिल्लकसुद्धा, ट्रस्टीपुढे येते. लग्नाआधीचे त्याचे पैसे त्याचेच राहतात. न्यू जर्सीत हा प्रश्न इतका टोकाचा नाही, कारण तिथे ज्याच्या नावावर त्याचं, अशी साधारण रीत. म्हणजे त्याला झळ लागू नये हीच तुझी इच्छा असेल, तर लग्न आणि स्थलांतर या दोन्हींच्या आधी कर्ज संपवणं हाच त्यातल्या त्यात चांगला मार्ग.

वेळेचं गणित जमण्यासारखं आहे. अर्जाआधीच्या १८० दिवसांत मान्यताप्राप्त संस्थेकडून कर्जविषयक समुपदेशन घ्यावं लागतं. ते फोनवर किंवा ऑनलाइन होतं. अर्जाचं शुल्क ३३८ डॉलर, वकिलाची फी वेगळी. अर्ज दाखल झाल्या क्षणी वसुलीचे फोन थांबतात. पुढे महिना-सव्वा महिन्यात ट्रस्टीसमोर शपथेवर प्रश्नोत्तरं, हल्ली ती व्हिडिओवर होतात. मग दुसरा छोटा कोर्स. आणि ट्रस्टीसमोरच्या त्या प्रश्नोत्तरांच्या पहिल्या तारखेनंतर साधारण ६० दिवसांनी कर्जमाफीचा आदेश. ऑगस्टचा अर्ज डिसेंबरपर्यंत आटोपावा. म्हणून नोव्हेंबरचं कोर्ट मॅरेज आदेश हातात येईपर्यंत पुढे ढकललंत तर उत्तम. विम्यासाठी थांबता येत नसेल तर निदान अर्ज आधी दाखल झालेला असू दे. मधल्या काळात लग्न झालं तर वकिलाला लगेच कळव.

शैक्षणिक कर्ज यात सुटणार नाही असंच धरून चाल. असह्य हलाखी सिद्ध केल्याशिवाय ते माफ होत नाही, आणि तुझं काहीही झालं तरी भावाची सही तशीच राहते. तो हप्ता चुकवू नकोस.

आता त्याच्याबद्दल. तुझ्या अर्जाला त्याच्या संमतीची गरज नाही, हे कायद्याचं उत्तर. पण गाडीचे ४०० डॉलर कागदावर येणार, अर्ज सार्वजनिक नोंद असणार, आणि घर घ्यायला निघालात की बँक विचारणारच. दोघांच्या नावावर एफएचए कर्ज (सरकारी विम्याचं गृहकर्ज) घ्यायचं तर कर्जमाफीनंतर साधारण दोन वर्षं थांबावं लागतं, नेहमीच्या गृहकर्जाला चार. हे त्याला बँकेच्या टेबलावर कळावं असं तुला वाटत असेल असं मला वाटत नाही. आकडा सांग, कार्डांची स्टेटमेंटं समोर ठेव. ऑपरेशनच्या बिलातून झालेलं कर्ज आहे, जुगारातून नाही.

आणि ऐकल्यावर तो म्हणेल, अर्ज कशाला, आपण फेडून टाकू. या पर्यायाला हसू नकोस. दोघांच्या कमाईत ४६,००० दोन-तीन वर्षांत फिटू शकतात, हॉस्पिटलं अनेकदा बिल कमी करतात, आणि दिवाळखोरीची नोंद टळते. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. कार्ड कंपनीने तडजोडीत सोडलेली रक्कम करपात्र उत्पन्न धरली जाऊ शकते, दिवाळखोरीत माफ झालेली धरली जात नाही. आणि तो देणार ते पैसे भेट आहेत की उधार, हे दोघांनी आधीच बोलून घ्या. माझा कल अजूनही अर्जाकडे आहे, कारण कर्ज एकटीचं असताना एकटीने मोकळं होण्याची संधी लग्नाआधीच असते. पण हा निर्णय त्याला अंधारात ठेवून घेऊ नकोस.

राहता राहिलं आडनाव. फॉर्मवर मागच्या आठ वर्षांत वापरलेली सगळी नावं लिहावी लागतात आणि ट्रस्टीसमोर ओळखपत्र दाखवावं लागतं. म्हणून नाव बदलायचं असेल तर आदेश येईपर्यंत लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड जुन्याच नावाने असू दे. या आठवड्यात वकिलाची वेळ घे, जाताना सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिप, दोन वर्षांचे टॅक्स रिटर्न, कार्डांची स्टेटमेंटं आणि मामांना केलेल्या ट्रान्सफरची पावती घेऊन जा. बहिणीला पाटल्यांबद्दल काही बोलली असशील, तर तो बेत रद्द झाल्याचंही कळवून टाक.

– ताई